लिबकर्लमध्ये प्रतिसादाची हेडर्स कॉलबॅकने कशी हाताळावीत

लिबकर्ल या नेटवर्कवरून फाइली आणणाऱ्या लायब्ररीने एखादी फाइल डाउनलोड करायला फारसे कष्ट पडत नाहीत. हँडल तयार करायचे, पत्ता द्यायचा, मजकूर घेणारे फंक्शन जोडायचे आणि ट्रान्सफर चालू करायची, इतक्यात काम होते. अडचण येते ती मजकूर हाती येण्याआधीच काही ठरवायचे असते तेव्हा. फाइल अपेक्षेपेक्षा मोठी असेल तर ती घेऊच नये, सर्व्हरने सुचवलेल्या नावाने ती साठवावी, किंवा मागच्या वेळचा ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची सर्व्हरने दिलेली खूण) आणि आजचा ईटॅग सारखाच असेल तर जुनी प्रत ठेवावी, असे निर्णय हेडर्सवरून, म्हणजे सर्व्हर मजकुराआधी पाठवतो त्या माहितीच्या ओळींवरून, घ्यावे लागतात आणि त्यासाठी हेडर कॉलबॅक, म्हणजे लिबकर्लने अशा प्रत्येक ओळीसाठी बोलवायचे आपले फंक्शन, लागतो. हा कॉलबॅक दिसायला अगदी साधा आहे. मात्र लिबकर्ल त्याला फक्त ओळी देते, ज्या क्रमाने त्या आल्या त्याच क्रमाने. कोणती ओळ कोणत्या प्रतिसादाची, हे ओळखण्याची जबाबदारी संपूर्णपणे आपली असते, आणि या कॉलबॅकमध्ये होणाऱ्या बहुतेक चुका इथेच जन्माला येतात.

विवेचन सी भाषेतल्या मूळ लायब्ररीला धरून आहे, कारण पीएचपी, पायथन वगैरे भाषांतली बाइंडिंग्ज शेवटी तिच्यावरच उभी आहेत. पर्यायांची आणि फंक्शनची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच लायब्ररीच्या कागदपत्रांत आहेत तशी लिहावीत.

कॉलबॅक खरोखर लागणार आहे का?

ट्रान्सफर संपल्यावर माहिती मिळाली तरी चालणार असेल, तर कॉलबॅकच्या वाटेला न जाणे उत्तम. स्टेटस कोड, मजकुराचा प्रकार, जाहीर केलेली लांबी, रिडायरेक्टनंतरचा (सर्व्हरने दुसऱ्या पत्त्याकडे पाठवल्यानंतरचा) अंतिम पत्ता, किती रिडायरेक्ट झाले हे सारे कर्ल_ईझी_गेटइन्फो या फंक्शनला विचारता येते. सर्व्हरने ‘थोड्या वेळाने या’ असे रिट्राय-आफ्टर हेडरने सांगितले असेल, तर तो अवधीही आवृत्ती ७.६६.० पासून तिथेच सेकंदांत मिळतो. मूळ हेडरमध्ये सेकंद होते की तारीख, याची चिंता आपल्याला करावी लागत नाही.

इतर कोणतेही हेडर हवे असेल तर २०२२ साली ७.८३.० मध्ये आलेले कर्ल_ईझी_हेडर आणि त्याचे जोडफंक्शन कर्ल_ईझी_नेक्स्टहेडर वापरावे. प्रायोगिक हा शिक्का त्यांच्यावरून ७.८४.० मध्ये निघाला. नाव सांगितले की किंमत मिळते, एकच हेडर किती वेळा आले ते कळते, आणि ते नेहमीचे हेडर, ट्रेलर (मजकुरानंतर येणारे हेडर), प्रॉक्सीच्या, म्हणजे मधल्या सर्व्हरच्या, कनेक्ट टप्प्यातले हेडर की शंभरीतल्या हंगामी प्रतिसादातले, हेही वेगळे करून मागता येते. अडचण एवढीच, की उबुंटू २२.०४ मध्ये ७.८१.० आणि डेबियन ११ मध्ये ७.७४.० ही आवृत्ती आहे, त्यामुळे अशा यंत्रणांवर प्रोग्रॅम चालवायचा असेल तर ही सोय गृहीत धरता येत नाही. डेबियन १२ मध्ये ७.८८.१ असल्याने तिथे ती उपलब्ध आहे.

मजकूर यायच्या आत निर्णय घ्यायचा असेल, आलेले हेडर लगेच दुसरीकडे पुढे पाठवायचे असेल, किंवा जुन्या आवृत्तीवर काम भागवायचे असेल, तरच कॉलबॅक लिहावा.

जोडणी

दोन पर्याय एकत्र द्यायचे असतात. कर्लऑप्ट_हेडरफंक्शन या पर्यायाला आपल्या फंक्शनचा पत्ता द्यायचा आणि कर्लऑप्ट_हेडरडेटा या पर्यायाला आपल्या नोंदीचा पॉइंटर. ही नोंद म्हणजे आपण घोषित केलेले एक स्ट्रक्चर. लिबकर्ल त्यात डोकावत नाही, प्रत्येक वेळी तो पॉइंटर जसाच्या तसा आपल्या हाती देते.

फंक्शनला चार आर्ग्युमेंट मिळतात. पहिले म्हणजे बाइट्सचा पॉइंटर. दुसरे आकाराचे असून ते नेहमी १ असते. तिसरे म्हणजे बाइट्सची संख्या. चौथे आपली नोंद. दुसरे आणि तिसरे यांचा गुणाकार करून लांबी काढण्याची जुनी पद्धत आहे आणि ती पाळण्यात काही तोटा नाही. फंक्शनने ‘मी इतके बाइट स्वीकारले’ असे सांगणारी साइझ_टी प्रकारची संख्या परत करायची. ती मिळालेल्या लांबीइतकी नसेल, तर लिबकर्ल ट्रान्सफर तिथेच तोडते आणि त्रुटी क्रमांक २३, म्हणजे कर्लई_राइट_एरर, परत करते.

इथे दोन खाचखळगे आहेत. हेडरडेटा दिले पण हेडरफंक्शन द्यायचे राहिले, तर लिबकर्ल हेडर्स मजकूर घेणाऱ्या फंक्शनकडे पाठवते आणि सोबत हेडरडेटाचा पॉइंटर देते. त्या फंक्शनला वेगळ्या प्रकारच्या नोंदीची अपेक्षा असेल तर प्रोग्रॅम कोसळतो, आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. दुसरी गोष्ट कर्लऑप्ट_हेडर या जवळजवळ त्याच नावाच्या पर्यायाची. तो चालू केला की हेडर्स मजकुराच्या प्रवाहात मिसळून येतात, आणि डाउनलोड झालेल्या झिप फाइलच्या सुरुवातीला स्टेटस लाइन चिकटलेली दिसते. कॉलबॅक वापरताना हा पर्याय बंदच असावा.

कॉलबॅकला नेमके काय मिळते

रिडायरेक्ट पाळण्याचा पर्याय चालू ठेवून आपण एक फाइल मागितली आणि सर्व्हरने आधी दुसरा पत्ता दाखवला, असे समजू. कॉलबॅककडे येणाऱ्या ओळी अशा असतील:

एचटीटीपी/१.१ ३०२ फाउंड
लोकेशन: /फाइल्स/रिपोर्ट.झिप
कन्टेन्ट-लेंग्थ: ०
[रिकामी ओळ]
एचटीटीपी/१.१ २०० ओके
कन्टेन्ट-टाइप: ॲप्लिकेशन/झिप
ईटॅग: "ए७एफ३"
कन्टेन्ट-लेंग्थ: ४८२१३३
[रिकामी ओळ]

म्हणजे कॉलबॅक ९ वेळा बोलावला जातो. स्टेटस लाइनही त्याच्याकडे येते आणि हेडर्स संपल्याची खूण असलेली रिकामी ओळही येते. ओळ नेहमी पूर्ण मिळते. नेटवर्कवर ती दोन पॅकेटांत तुटून आली तरी तुकडे जोडण्याचे काम लिबकर्लने आधीच केलेले असते. मजकुराच्या कॉलबॅकमध्ये ही हमी नसते, त्यामुळे तिथली सवय इथे आणून स्वतःचा बफर जोडत बसण्याचे कारण नाही. ओळीच्या शेवटची कॅरेज रिटर्न आणि लाइनफीड ही चिन्हे मात्र ओळीतच असतात, आणि शेवटी शून्य बाइट मात्र नसतो. सीमधल्या स्ट्रिंगवर चालणारी फंक्शन्स या बफरवर थेट चालवली, तर ती ओळीच्या पलीकडची मेमरी वाचत सुटतात.

आता वरच्या यादीत कन्टेन्ट-लेंग्थ दोनदा आले आहे याकडे लक्ष द्यावे. ‘पहिले सापडले ते घेतले’ असे लिहिणाऱ्याला फाइलची लांबी ० मिळेल. ‘शेवटचे सापडले ते घेतले’ असे लिहिणाऱ्याचे इथे निभावेल, पण पहिल्या प्रतिसादात ईटॅग असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर रिडायरेक्टचा ईटॅग फाइलच्या नावावर नोंदला जाईल. अशी चूक महिनोन्‌महिने लपून राहते, कारण बहुतेक सर्व्हर रिडायरेक्टसोबत ईटॅग पाठवत नाहीत.

एकाहून अधिक प्रतिसाद येण्याचे रिडायरेक्ट हे केवळ एक निमित्त झाले. मोठा मजकूर अपलोड करताना १०० कंटिन्यू येतो, काही सर्व्हर १०३ अर्ली हिंट्स पाठवतात, डायजेस्ट किंवा एनटीएलएम पद्धतीने ओळख पटवताना आधी ४०१ येतो, आणि एचटीटीपीएससाठी प्रॉक्सीतून जाताना प्रॉक्सीने कनेक्ट विनंतीला दिलेले उत्तरही याच कॉलबॅकमध्ये उतरते. कार्यालयातल्या प्रॉक्सीमागे प्रोग्रॅम वेगळा वागतो आणि घरी नीट चालतो, अशा तक्रारींचे मूळ बरेचदा या शेवटच्या प्रकारात असते. प्रॉक्सीची हेडर्स नकोच असतील तर ७.५४.० पासून कर्लऑप्ट_सप्रेस_कनेक्ट_हेडर्स हा पर्याय आहे. बाकीच्यांसाठी असा पर्याय नाही, ते आपल्यालाच वेगळे करावे लागतात.

एचटीटीपी/२ मध्ये मुळात स्टेटस लाइन नसतेच. लिबकर्ल ती स्वतः घडवून देते, म्हणजे जुन्या कोडची पंचाईत होत नाही. मात्र तिच्यात ‘ओके’सारखा शब्द नसतो, फक्त आवृत्ती आणि तीन अंकी कोड असतो, आणि हेडर्सची नावे सगळी लहान अक्षरांत येतात. म्हणून संपूर्ण स्टेटस लाइनची तुलना एका ठरावीक वाक्याशी कधीही करू नये. ओळ ‘एचटीटीपी/’ने सुरू होते का ते पाहावे, पहिल्या मोकळ्या जागेनंतरचे तीन अंक घ्यावेत आणि पुढचे सोडून द्यावे.

नोंद आणि फंक्शनची बांधणी

नोंदीत स्टेटस कोड, हेडर्स संपली की नाही हे सांगणारी खूण, आपल्याला हवी असलेली दोन-चार हेडर्स आणि ट्रान्सफर आपणच तोडली असेल तर तिचे कारण, एवढे असले की पुरते. येतील ती सगळी हेडर्स साठवण्याचा मोह टाळावा. साठवलेल्या प्रत्येक गोष्टीची मेमरी कधीतरी सोडावी लागते आणि तिची मर्यादाही ठरवावी लागते.

फंक्शनचा ओघ असा ठेवावा. प्रथम ओळीच्या शेवटची कॅरेज रिटर्न आणि लाइनफीड ही चिन्हे वगळून खरी लांबी काढावी. मूळ लांबी वेगळ्या चलात जपून ठेवावी, कारण परत करायची असते ती मूळ लांबी. उरलेली लांबी ० असेल तर ही रिकामी ओळ होय: हेडर्स संपल्याची खूण उभारावी आणि निर्णय घ्यायचे असतील ते इथे घ्यावेत. रिकामी ओळ ओळखताना ‘लांबी २ आहे का’ असे विचारू नये. काही जुने सर्व्हर नुसते लाइनफीड पाठवतात, लिबकर्ल ते खपवून घेते, आणि मग रिकामी ओळ एकाच बाइटची निघते.

ओळ ‘एचटीटीपी/’ने सुरू होत असेल तर नवा प्रतिसाद सुरू झाला आहे. नोंद पूर्ण कोरी करावी, हेडर्स संपल्याची खूण खाली घ्यावी आणि नवा कोड लिहावा. या पुसण्यात मागच्या प्रतिसादातून घेतलेल्या स्ट्रिंगची मेमरी सोडणेही आले. संपूर्ण फंक्शनमध्ये सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. ती असली की रिडायरेक्ट, ४०१ आणि हंगामी प्रतिसाद या सगळ्यांचा बंदोबस्त एकदम होतो, प्रत्येकासाठी वेगळी अट लिहावी लागत नाही.

ओळ स्टेटस लाइन नाही, पण हेडर्स संपल्याची खूण आधीच उभी आहे, अशी स्थिती आली तर ती ओळ ट्रेलर आहे. चंक्ड पद्धतीने, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी, मजकूर पाठवणारा सर्व्हर मजकुरानंतर आणखी हेडर्स पाठवू शकतो आणि तीही याच कॉलबॅककडे येतात. चेकसमसारखी माहिती पाठवायला ही सोय वापरतात. ट्रेलरमधल्या ईटॅगने किंवा कन्टेन्ट-टाइपने आधीच्या नोंदीवर लिहू देऊ नये. ज्या ट्रेलरची आपण वाट पाहत आहोत तेवढेच घ्यावेत आणि बाकीचे दुर्लक्षित करावेत.

याही पलीकडची ओळ म्हणजे नेहमीचे हेडर. ओळीच्या लांबीच्या आतच मेमसीएचआर फंक्शनने अपूर्णविराम शोधावा. तो नसेल तर ओळ सोडून द्यावी, मात्र लांबी परत करायला विसरू नये. अपूर्णविरामाआधीचा भाग नाव, नंतरचा भाग किंमत, आणि किंमतीच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा व टॅब काढून टाकावेत. किंमत रिकामीही असू शकते. ओळीची सुरुवातच मोकळ्या जागेने झाली असेल तर ती मागच्या हेडरची दुमडलेली पुढची ओळ समजावी. ही पद्धत आता मोडीत काढलेली आहे, तरी लिबकर्लच्या बऱ्याच आवृत्त्या अशी ओळ वेगळी म्हणून देतात, आणि त्या ओळीत योगायोगाने अपूर्णविराम असला की भलतेच नाव तयार होते.

नावांची तुलना

हेडरच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मानायचा नसतो. त्यासाठी बरेच जण स्ट्रएनकेसकंप वापरतात आणि ते चालतेही, पण ते फंक्शन प्रोग्रॅमच्या लोकेलवर, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर, अवलंबून असते. तुर्की लोकेलमध्ये मोठ्या ‘आय’चे लहान रूप बिंदूविरहित असते, त्यामुळे अशा लोकेलमध्ये ‘आय’ असलेल्या नावांची तुलना फसू शकते. लिबकर्लची स्वतःची कर्ल_स्ट्रएनइक्वल आणि कर्ल_स्ट्रइक्वल ही फंक्शन्स लोकेलकडे पाहत नाहीत, तीच वापरावीत.

तुलनेपूर्वी नावाची लांबी नेमकी जुळते का ते तपासावे. ही तपासणी नसली की दोन दोष संभवतात. ओळ आपल्या अपेक्षित नावापेक्षा आखूड असेल तर तुलना बफरच्या बाहेर जाते, आणि ‘ईटॅग’ शोधताना ‘ईटॅग-’ने सुरू होणारे दुसरेच कोणतेतरी हेडर पकडले जाते.

एकच हेडर अनेकदा येणे नियमाला धरून आहे. बहुतेकांच्या किंमती स्वल्पविरामाने जोडल्या तर अर्थ तोच राहतो, पण सेट-कुकीच्या बाबतीत ते करता येत नाही, कारण कुकीच्या मुदतीच्या तारखेतच स्वल्पविराम असतो. खरे तर कुकी कॉलबॅकमध्ये वाचण्याची गरजच पडू नये. लिबकर्लचे कुकी इंजिन पत्ता, मार्ग, मुदत हे सगळे स्वतः पाहते. ते सोडून हाताने कुकी वेचणारा कोड बहुधा पहिल्या रिडायरेक्टलाच चुकतो.

लांबीवर किती विसंबावे

कन्टेन्ट-लेंग्थची किंमत अंकांत रूपांतरित करताना ती आधी छोट्या स्थानिक बफरमध्ये उतरवून शेवटी शून्य बाइट लावावा, सर्व चिन्हे अंकच आहेत याची खात्री करावी आणि ६४ बिटांच्या चलात घ्यावी. ३२ बिटांत ४ जीबीपुढची फाइल बसत नाही.

त्या संख्येइतकी मेमरी लगेच राखून ठेवू नये. सर्व्हर काहीही सांगू शकतो. शिवाय कर्लऑप्ट_ॲक्सेप्ट_एन्कोडिंग हा पर्याय दिला असेल तर मजकुराच्या कॉलबॅकला उलगडलेला मजकूर मिळतो, तर हेडरमधली लांबी दाबलेल्या मजकुराची असते. प्रगती दाखवणारी पट्टी १०० टक्क्यांच्या पुढे धावते ती याच कारणाने. केवळ आकाराची कमाल मर्यादा घालायची असेल तर कर्लऑप्ट_मॅक्सफाइलसाइझ_लार्ज हा तयार पर्याय आहे. मर्यादा ओलांडली की त्रुटी क्रमांक ६३ मिळतो आणि कॉलबॅकमध्ये काही लिहावे लागत नाही.

परत करायची संख्या आणि इतर भाषा

नको असलेले हेडर दुर्लक्षित करणे आणि ते नाकारणे यांत फरक आहे. दुर्लक्ष करतानाही पूर्ण लांबी परत करायची असते. पीएचपीमध्ये हेडर फंक्शनला हँडल आणि ओळ अशी दोनच आर्ग्युमेंट मिळतात आणि शेवटी ओळीची लांबी परत करावी लागते. ती परत करायचे राहिले की पहिल्याच ओळीला ट्रान्सफर तुटते आणि २३ क्रमांकाची त्रुटी येते. कोणी मग डिस्क भरली का, परवानग्या बरोबर आहेत का, हे तपासत बसते, कारण त्रुटीचे नाव ‘लिहिण्यात चूक’ असे सुचवते.

त्याहून फसवी चूक म्हणजे स्ट्रलेनऐवजी एमबी_स्ट्रलेन वापरणे. मराठीत काम करणाऱ्यांना बहुबाइट फंक्शन्सची सवय असते, म्हणून ती सहज होते. लिबकर्लला बाइट्सची संख्या हवी असते, अक्षरांची नव्हे. हेडर्स बहुतांशी आस्कीत असतात, तेव्हा दोन्ही संख्या सारख्याच निघतात आणि चाचण्या पार पडतात. मग एके दिवशी एखादा सर्व्हर कन्टेन्ट-डिस्पोझिशन या हेडरमध्ये ‘अहवाल’ असे फाइलचे नाव थेट यूटीएफ-८ मध्ये पाठवतो. ‘अहवाल’ या शब्दात ५ संकेतचिन्हे आहेत आणि प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण १५ बाइट. एमबी_स्ट्रलेन १० ने कमी संख्या सांगते आणि तीच एक फाइल काही केल्या उतरत नाही.

पायकर्लमध्ये फंक्शनने काहीच परत केले नाही तर ‘सगळे स्वीकारले’ असा अर्थ घेतला जातो, त्यामुळे तिथे हा त्रास नाही. मात्र ओळ बाइट्सच्या रूपात मिळते. ती आयएसओ-८८५९-१ धरून डीकोड करावी, म्हणजे कोणताही बाइट आला तरी अपवाद उद्‌भवत नाही.

सी++ मध्ये क्लासचे साधे सदस्य फंक्शन कॉलबॅक म्हणून देता येत नाही. स्टॅटिक फंक्शन द्यावे आणि ऑब्जेक्टचा पॉइंटर हेडरडेटातून पाठवावा. लॅम्डा द्यायचा असेल तर त्यात काहीही पकडलेले नसावे आणि त्याच्यापुढे अधिकचे चिन्ह लावून त्याचे फंक्शन पॉइंटरमध्ये रूपांतर करावे. कर्ल_ईझी_सेटऑप्ट हे कितीही आर्ग्युमेंट घेणारे फंक्शन असल्याने कम्पायलर ते रूपांतर आपणहून करत नाही. कॉलबॅकमधून अपवाद बाहेर निसटू देऊ नये. मधल्या सीच्या कोडला त्याचा पत्ताच नसतो. तो आतच पकडावा, नोंदीत ठेवावा आणि ट्रान्सफर तोडावी.

जाणूनबुजून तोडणे

तोडायचे ठरले की आधी नोंदीत कारण लिहावे आणि मग ० परत करावे. रिकामी ओळसुद्धा निदान एका बाइटची असते, त्यामुळे ० ही संख्या कधीच अपेक्षित लांबीइतकी होत नाही. आवृत्ती ७.८७.० पासून यासाठी कर्ल_राइटफंक_एरर हे स्वतंत्र मूल्यही आहे आणि वाचणाऱ्याला हेतू कळावा म्हणून ते अधिक चांगले. ट्रान्सफर संपल्यावर २३ मिळाला तर नोंदीतले कारण पाहावे: ते भरलेले असेल तर निर्णय आपला, नसेल तर खरोखरच काहीतरी बिघडले आहे. कर्लऑप्ट_एररबफर जोडलेला असला तर तपशीलही हाती लागतो.

तोडण्याचीही किंमत असते. एचटीटीपी/१.१ मध्ये न वाचलेला मजकूर वाटेत अडकलेला असल्यामुळे ती जोडणी बंद करावी लागते आणि पुढच्या विनंतीला नवी जोडणी, नवा टीएलएस हस्तांदोलनाचा खर्च येतो. शेकडो छोट्या फाइली चाळून काहीच घ्यायच्या असतील, तर मागणी करून तोडण्यापेक्षा आधी हेड विनंती (फक्त हेडर्स मागणारी) पाठवणे स्वस्त पडते. एचटीटीपी/२ मध्ये फक्त तो एक प्रवाह बंद करता येतो, म्हणून तिथे हा हिशेब वेगळा आहे.

फाइल कधी उघडावी आणि कोणत्या नावाने

२०० हा कोड दिसताच फाइल उघडावी असे वाटते, पण त्याहून चांगली जागा म्हणजे मजकुराच्या कॉलबॅकची पहिली हाक. रिडायरेक्ट पाळायचे सांगितले असेल तर रिडायरेक्टसोबतचा मजकूर लिबकर्ल स्वतःच टाकून देते, त्यामुळे मजकुराचा पहिला तुकडा येतो तेव्हा नोंदीत अंतिम प्रतिसादाचीच हेडर्स असतात. तिथे कोड तपासावा आणि २०० असेल तरच फाइल उघडावी; ४०४ चे पान झिप म्हणून साठवू नये. दोन्ही कॉलबॅकना एकाच नोंदीचा पॉइंटर दिला की हे सहज जमते. फाइल मुळातच रिकामी असेल तर मजकुराचा कॉलबॅक बोलावला जाईलच असे नाही, म्हणून ट्रान्सफर संपल्यावर ‘२०० आला पण फाइल उघडली नाही’ ही स्थिती वेगळी हाताळावी लागते. ईटॅग पाठवून मागणी केली असेल तर ३०४ च्या वेळीही मजकूर नसतो आणि जुनी प्रत जागच्या जागी राहते. कर्लच्या आज्ञेत ७.६८.० पासून ईटॅग साठवण्याचे आणि तुलना करण्याचे जे दोन पर्याय आहेत, त्यांमागे हीच रीत आहे.

नावाबाबत अधिक सावध असावे. कन्टेन्ट-डिस्पोझिशनमधले नाव हे अनोळखी माणसाने दिलेले नाव आहे. शेवटच्या तिरप्या रेघेच्या, उलट रेघेच्याही, पुढचा भाग तेवढा घ्यावा. बिंदूने सुरू होणारे, रिकामे किंवा नियंत्रक चिन्हे असलेले नाव नाकारावे. आणि फाइल ‘आधीपासून असेल तर अपयश’ या रीतीने उघडावी. हे अतिसावधपण नाही. खुद्द कर्लच्या आज्ञेत सर्व्हरने दिलेले नाव वापरण्याचा आणि हेडर्स दाखवण्याचा असे दोन पर्याय एकत्र दिले की स्थानिक फाइलवर लिहिले जाऊ शकत होते, आणि तो दोष सुरक्षादोषांच्या सीव्हीई यादीत सीव्हीई-२०२०-८१७७ म्हणून नोंदला गेला. देवनागरी नावे नियमाप्रमाणे ‘फाइलनेम’पुढे तारांकन असलेल्या रूपात, टक्केवारीच्या चिन्हांनी संकेतबद्ध होऊन येतात, ‘अ’ हे एक अक्षर तिथे ‘%ई०%ए४%८५’ अशी ९ चिन्हे व्यापते. छाननी उलगडण्याआधी नव्हे, तर उलगडल्यानंतर करावी, नाहीतर टक्केवारीत लपलेली तिरपी रेघ निसटते.

मर्यादा, पुनर्वापर आणि इतर प्रोटोकॉल

लिबकर्ल एका हेडर ओळीला १०० केबीपर्यंत जागा देते. एकूण हेडर्सना मात्र बराच काळ मर्यादा नव्हती. ७.८४.० ते ८.२.१ या आवृत्त्यांत संपतच न येणारी हेडर्स पाठवून सर्व्हर मेमरी खाऊ शकत होता. सीव्हीई-२०२३-३८०३९ या नोंदीनंतर ८.३.० मध्ये एकूण ३०० केबीची मर्यादा आली. तरीही आपल्या नोंदीत प्रत्येक किंमतीला आपली मर्यादा असावी. ईटॅगला काहीशे बाइट पुष्कळ झाले.

हँडल पुन्हा वापरताना नोंद नव्याने कोरी करावी. जोडणीच झाली नाही तर एकही ओळ येत नाही, आणि मग मागच्या ट्रान्सफरचा २०० नोंदीत तसाच राहतो. मल्टी इंटरफेसमध्ये, म्हणजे एकाच वेळी अनेक ट्रान्सफर चालवताना, प्रत्येक ईझी हँडलला स्वतंत्र नोंद द्यावी, आणि ती हँडल मोकळे होईपर्यंत जिवंत राहील असे पाहावे. फंक्शनच्या स्टॅकवरची नोंद तिथे उपयोगाची नाही. कॉलबॅकमध्ये डेटाबेस किंवा लॉग सर्व्हरची वाट पाहू नये, तेवढ्या वेळात त्याच धाग्यावरच्या बाकीच्या सगळ्या ट्रान्सफर खोळंबतात. त्याच हँडलवर आतून पुन्हा ट्रान्सफर चालू करू नये. त्रुटी क्रमांक ९३ त्यासाठीच ठेवला आहे.

हा कॉलबॅक फक्त एचटीटीपीचा नाही. एफटीपी, आयमॅप, पॉप३ यांत सर्व्हरच्या आज्ञांना आलेली उत्तरे, जसे एफटीपीचे २२० किंवा २२६, त्यातूनच येतात आणि आपले स्टेटस लाइनचे तर्कशास्त्र तिथे लागू पडत नाही. एचटीटीपीच हवे असेल तर प्रोटोकॉल आणि रिडायरेक्टचे प्रोटोकॉल ही दोन्ही बंधने स्पष्टपणे एचटीटीपी व एचटीटीपीएसपुरती घालावीत, ७.८५.० पासून ती साध्या स्ट्रिंगने देता येतात.

तपासणी

खऱ्या सर्व्हरवर चाचणी करून फारसे कळत नाही, कारण तो शहाण्यासारखा वागतो. एका फाइलमध्ये हवा तसा प्रतिसाद हाताने लिहून नेटकॅट या, जोडणीवरून कच्चा मजकूर पाठवणाऱ्या साधनाने एखाद्या स्थानिक पोर्टवर पुरवावा. रिडायरेक्टमध्ये ईटॅग आणि अंतिम प्रतिसादात ईटॅग नाही, नावापुढे किंमतच नाही, अपूर्णविरामच नाही, दोन सेट-कुकी, नुसती लाइनफीड, कन्टेन्ट-लेंग्थच्या जागी ऋण संख्या, चंक्ड मजकुरामागे ट्रेलर, आणि कच्च्या यूटीएफ-८ मधले फाइलचे नाव, अशा फाइली एकदा करून ठेवल्या की पुढे प्रत्येक बदलानंतर चालवता येतात. रिडायरेक्टसाठी दोन पोर्ट लागतील, कारण नेटकॅट साधारणपणे एका जोडणीनंतर थांबतो. शेजारी कर्लची आज्ञा हेडर्स फाइलमध्ये उतरवण्याच्या पर्यायासह चालवली तर आपल्या कॉलबॅकला दिसायला हव्या होत्या त्या ओळी ताडून पाहता येतात. सीमधला कोड ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कम्पायलरची सोय) लावूनच बांधावा. दोन-तीन बाइटांच्या आखूड ओळीवर बफरबाहेर होणारे वाचन एरवी कसलीही तक्रार न करता पार पडते.